कानाला मूठ

"आज कानाचं माप देऊन आले," बायको जेवता जेवता म्हणाली, आणि कवळीकरांचा घास हातातच राहिला.

कवळीकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. घराच्या पुढच्या खोलीत ते कवळ्या आणि खोटे दात बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन त्यांच्याकडे धाडत, आणि त्या मापावरून ते असे दात करून देत की पेशंटला पहिल्या आठवड्यात शिव्या सुचत आणि दुसऱ्या आठवड्यात आशीर्वाद. गल्लीने त्यांना कवळीकर म्हणायला सुरुवात केली ती टवाळी म्हणून, पण ते नाव असं काही अंगाला चिकटलं की आता पोस्टमनही तेच विचारत येई. सांगायचा मुद्दा असा की त्या घरात 'माप' हा शब्द कवळीकरांच्या मालकीचा होता. मसाला कालवायचा, ट्रेमध्ये भरायचा, तोंडात दाबायचा, घट्ट झाला की उपटायचा, याला माप म्हणतात. आपल्या बायकोने परक्या माणसाकडे जाऊन माप द्यावं, आणि तेही कानाचं, ही बातमी त्यांना घशाखाली उतरवता येईना.

बायको पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायची. हात स्थिर, नजर पक्की. गेल्या वर्षी एका मैत्रिणीबरोबर सहज म्हणून नेमबाजीच्या मैदानावर गेली आणि पहिल्याच दिवशी छोट्या रायफलीने कागदाच्या मधोमध भोक पाडून आली. तेव्हापासून रविवार तिचा झाला. अडचण एकच होती, कानांची. छपराखाली गोळी सुटली की आवाज भिंतींवरून परत येतो, आणि कानाला काही न लावता उभं राहिलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत कानात शिटी वाजत राहते. मैदानावर हेडफोनसारखे दिसणारे इयरमफ मिळायचे, पण ते डोकं असं आवळायचे की घरी येईपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. त्यात तिला चष्मा. चष्म्याची काडी मफच्या गादीखाली आली की फट राहायची आणि आवाज बरोबर त्या फटीतून आत यायचा. चष्मा काढला तर आवाज बंद, पण मग लक्ष्यही दिसायचं बंद. शिवाय रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकला की मफची वाटी दस्त्यावर आपटून ऐन नेमाच्या वेळी वर सरकायची.

फोमचे बोळेही तिने वापरून पाहिले होते. ते बारीक वळून, कान वर ओढून, आत सारायचे असतात. तिचे बोळे दोन-चार गोळ्या झाल्या की फुगून खांद्यावर येऊन पडायचे. शेवटी प्रशिक्षक बाई म्हणाल्या, आता हा छळ पुरे, कानाचं माप दे आणि तुझ्या कानाचेच प्लग करून घे. चौकात श्रवणयंत्रांचं दुकान होतं, तिथे ते होत असत.

"मग घेतलं माप?" कवळीकरांनी जमेल तितक्या थंडपणे विचारलं.

"घेतलं की. फार हलक्या हाताचा मुलगा आहे. म्हणाला, तुमच्या कानाचं वळण फार सुरेख आहे. असे कान क्वचित बघायला मिळतात म्हणाला."

"कान हातात धरून म्हणाला?"

"मग काय पायात धरून म्हणणार?"

कवळीकरांनी बायकोच्या कानांकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते कान कायम तिथेच होते, पण घरातल्या दिव्याच्या बटणासारखे. हात बरोबर जातो, बघायची वेळ येत नाही. स्वतः कवळीकरांनी तिचं कौतुक केलं होतं ते पहिल्या भेटीत. "तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांवर छान बसतात," असं ते मनापासून बोलले होते, आणि त्यानंतर पुन्हा काही बोलायची गरज त्यांना वाटली नव्हती. आता बघतात तर बायकोने आज केस कानांमागे घेऊन चाप लावला होता. दोन्ही कान उघडे. सुरेख होते, यात वाद नव्हता. हे आपल्याआधी दुसऱ्याच्या लक्षात आलं, याची मात्र त्यांना मिरची लागली.

"उद्या कचेरी सुटली की परत जायचंय," बायको पाणी ओतत म्हणाली. "डाव्या कानाच्या मापात बुडबुडा आला."

झालं. हे ऐकून कवळीकरांची उरलीसुरली भूकही गेली. मापात बुडबुडा केव्हा येतो हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? कारागिराचं लक्ष कामावर नसलं की येतो. उजव्या कानाला आला नाही, डाव्याला आला. म्हणजे उजवा कान बघेपर्यंत स्वारी शुद्धीवर होती. आणि आता त्या बुडबुड्याच्या नावाखाली हिला परत बोलावलंय. कवळीकरांनी मनातल्या मनात त्या माणसाचं 'कानसेन' असं बारसं केलं आणि ताट बाजूला सारलं.

मग त्यांनी सरळच सांगून टाकलं की उद्या कुठे जायला नको, कानाचे प्लग मी करतो. आयुष्य मापं ओतण्यात गेलंय, कानाचं भोक म्हणजे असून असून किती अवघड असणार. बायको आधी हसली आणि मग, कवळीकर खरंच बोलतायत हे कळल्यावर, जास्त हसली. तुम्ही दात करा, कान त्यांना करू द्या, असं म्हणून ती ताटं उचलून गेली. मघाचा 'मुलगा' एवढ्यात 'त्यांना' झाला होता. कवळीकरांच्या कानांनी ते बरोबर टिपलं.

दुसऱ्या दिवशी बायको कचेरीत गेली आणि कवळीकरांनी पुढच्या खोलीचं दार लोटून घेतलं. बेत असा होता: स्वतःच्या कानाचं एक माप घ्यायचं, असं झकास, गुळगुळीत, बिनबुडबुड्याचं, की बायको कचेरीतून आल्या आल्या ते तिच्या तळहातावर ठेवता यावं. काही बोलायचं नाही. ती एकदा मापाकडे बघेल, एकदा आपल्याकडे बघेल, आणि ज्या नजरेने त्या कानसेनाबद्दल बोलत होती त्या नजरेने बोलेल. एवढंच त्यांना हवं होतं. माणसाच्या मागण्या काही फार मोठ्या नसतात, तरी कुठे पुऱ्या होतात.

त्यांनी जबड्याच्या मापाचा गुलाबी मसाला कालवला, बिनसुईच्या पिचकारीत भरला, आरशासमोर मान कलती केली आणि उजव्या कानात सोडला. तोंडाच्या कामात एक नियम असतो, मसाला जितका खोल तितकं माप चोख. कवळीकरांनी तो नियम इमानेइतबारे पाळला. आत भरून झालं तसं वरच्या घड्यांत दाबलं, पाळीच्या मागेही थोडं फिरवलं. थंडगार वाटलं. मग उजव्या बाजूचं जग हळूहळू बंद झालं. रस्त्यावरची वाहनं, शेजारचा नळ, सगळं एका बाजूने नाहीसं झालं आणि कवळीकर खूश झाले. आवाज असा बंद झाला पाहिजे. बंदूक काय, तोफ चालेल.

मसाला घट्ट झाल्यावर त्यांनी तो काढायला हात घातला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की तोंडातलं माप हाताने निघतच नाही. ते ट्रेने निघतं. ट्रेला मूठ असते, मूठ धरून हिसका द्यायचा असतो. कानाला मूठ नव्हती. नखं गुळगुळीत मसाल्यावरून घसरत होती आणि मसाला आतल्या वळणावर ठाण मांडून बसला होता.

दुसरा कुणी असता तर इथे घाबरला असता. कवळीकर कारागीर होते. मूठ नाही ना, मग मूठ लावू. त्यांनी एका जुन्या ट्रेची अॅल्युमिनियमची मूठ कापून घेतली आणि तुटलेली कवळी सांधायच्या झटपट मिश्रणाने ती कानातल्या मसाल्यावर पक्की बसवली. सुकल्यावर आरशात बघितलं तर डोक्याच्या उजव्या बाजूला कपाच्या कानासारखा एक चकचकीत कान फुटला होता. त्यांनी मूठ धरली आणि हिसका दिला. डोळ्यांतून पाणी आलं. बाकी काही आलं नाही. मूठही निखळली नाही, कारण काम त्यांच्या हातचं होतं.

ते तसेच मूठ धरून स्टुलावर बसलेले असताना दार ढकलून एक निवृत्त मुख्याध्यापिका आत आल्या. बाईंची कवळी तडकली होती, ती सांधून मिळायची होती, त्यामुळे तूर्त त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. बाईंनी कवळीकरांकडे बघितलं, मुठीकडे बघितलं, आणि शाळेत पोरं शांत करायच्या त्या नजरेने पुढे झाल्या. "काढते?" असं त्यांनी विचारलं. दातांअभावी त्यातला 'त' कुठेतरी गळून पडला आणि कवळीकरांच्या एकुलत्या एक चालू कानाला ते "काय हे?" असं ऐकू आलं.

"हो, माप आहे, बाई," कवळीकर मान डोलावत म्हणाले.

'हो' म्हटल्यावर बाई कशाला थांबतात. त्यांनी मूठ पकडली आणि ओढली. त्या हाताने उभी हयात पोरांचे कान पिळले होते, सवय होती. कान आला, मान आली, पाठोपाठ स्टुलासकट कवळीकर आले. माप आलं नाही. कवळीकरांनी काकुळतीला येऊन त्यांच्या हातात त्यांची सांधलेली कवळी ठेवली, कारण दुसरं काय देऊन त्यांना थांबवावं ते सुचेना. बाईंनी ती तोंडात बसवली, दोनदा चावून पाहिलं, आणि मग स्वच्छ शब्दांत हुकूम सोडला. चौकातल्या श्रवणयंत्रवाल्याकडे आत्ताच्या आत्ता जा, माझं यंत्र त्यानेच बसवलंय, फार गुणी मुलगा आहे.

गुणी मुलगा. गावातल्या समस्त बायकांना त्याने मंत्र घातला होता की काय कोण जाणे. पण बायको यायची वेळ होत आली होती, आणि हिच्यासमोर मूठ घेऊन बसण्यापेक्षा त्या कानसेनासमोर बसलेलं परवडलं, असा कवळीकरांनी हिशेब केला. ती कचेरीतून परस्पर तिथेच जाणार आहे, हे त्या घाईत ते साफ विसरले. त्यांनी लोकरीची टोपी कानांवर ओढली. भर उन्हात लोकरीची टोपी, आणि तिला एका बाजूने उंचवटा. रस्त्यात शिंप्याने उजवीकडून काहीतरी विचारलं. कवळीकरांना फक्त त्याचे हलणारे ओठ दिसले, तेव्हा त्यांनी "चांगलं आहे, चांगलं आहे" म्हणून पाय उचलला. शिंपी बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता, कारण त्याने विचारलं होतं, डोक्याला लागलं का.

दुकानात गर्दी नव्हती. आतल्या खोलीचं दार उघडून एक तरुण बाहेर आला. उंच, नीटनेटका, पांढरा कोट. कवळीकरांनी त्याच्यात खोट शोधायला सुरुवात केली, पण चेहऱ्यावर काही सापडेना. "या काका," असं म्हणून तो हसला, आणि कवळीकर जागच्या जागी खिळले.

त्यांच्या धंद्यात माणूस सहसा दिसत नाही, जबडाच दिसतो. डॉक्टर प्लास्टरचा साचा पाठवतात, दात करून परत धाडायचे, कुणाच्या तोंडात गेले ते कळायचं कारण नसतं. पण दोन वर्षांमागे आलेला एक साचा कवळीकर विसरले नव्हते. कुण्या तरुणाचा जबडा होता, वरचे पुढचे चार दात पडलेले. डॉक्टरांनी सरळ, एकसारखे चार मागवले होते. कवळीकरांनी साच्यातले खालचे दात निरखून पाहिले आणि हट्टाने नव्या चारांतला बाजूचा एक दात किंचित वळवून बसवला, कारण देव इतकं सरळ काम कधी करत नाही. डॉक्टरांनी त्यावरून वाद घातला होता. कवळीकर मागे हटले नव्हते. ते काम कुणाच्या तोंडात हसतंय याचा ते अधूनमधून विचार करत, आणि आता ते चौघेही त्यांच्यासमोर हसत उभे होते.

"वरचे चार," कवळीकर म्हणाले.

"काय झालं, काका?"

"पुढचे, वरचे. माझ्या हातचे आहेत."

तरुणाचं हसू विझलं. तो लगबगीने कवळीकरांना आत घेऊन गेला, दार लावलं, आणि टोपी काढल्याबरोबर दिसलेल्या मुठीकडेही त्याने लगेच लक्ष दिलं नाही, इतका तो घाबरला होता. डाव्या कानाशी तोंड आणून त्याने सगळं सांगितलं. जिन्यावरून पडला होता. कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. आता लग्न ठरलं होतं, आणि मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली होती की मला तुमचं हसू आवडलं. सांगेन तिला, तो म्हणाला, पण माझं मी सांगेन, लग्नाआधी, नीट वेळ बघून. कवळीकरांची अवस्था मोठी चमत्कारिक झाली. या माणसावर गाव लट्टू होतं म्हणून काल जेवण गेलं, आणि त्याचं हसू तर आपल्याच पुढच्या खोलीत घासूनपुसून तयार झालेलं. जळायचं म्हटलं तर नेमकं कुणावर जळायचं ते ठरेना.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या आणि ओळखीचा आवाज आला. बायको डावा कान द्यायला वेळेवर हजर झाली होती. "जरा बसा, ताई, आत एक पेशंट आहेत," तरुणाने दाराआडून सांगितलं.

"माझी बायको आहे ती," कवळीकर कुजबुजले. "या मुठीचं तिला कळता कामा नये."

तरुणाने मुठीकडे पाहिलं, मग कवळीकरांकडे. "माझ्या दातांचं कुणालाही कळता कामा नये," तो म्हणाला. हातात हात न देताच करार झाला.

मग त्याने काम सुरू केलं. कडेने तेलाचे थेंब सोडले, बारीक कात्रीने घड्यांतला मसाला मोकळा केला, आणि मुठीला हातसुद्धा न लावता माप आतल्या आत हळू फिरवलं. ओढायचं नसतं काका, फिरवायचं असतं, असं तो समजावत होता, आणि कानाच्या पडद्याच्या अलीकडे दोरा बांधलेला कापसाचा बोळा ठेवल्याशिवाय कानात मसाला कुणी घालतं का, म्हणून मऊ शब्दांत कानउघाडणीही करत होता. शेवटी आतून काहीतरी सुटलं आणि उजव्या बाजूचं जग धाडकन परत आलं. तरुणाने माप उजेडात धरलं. "तुमच्या कानाचं वळण फार वाकडं आहे," तो म्हणाला. "म्हणून मसाला पडद्यापर्यंत पोचला नाही. असे कान क्वचित बघायला मिळतात."

हिचं वळण सुरेख आणि आमचं वाकडं. पण कवळीकरांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी माप फिरवून फिरवून बघितलं आणि तरुणापुढे धरलं. "बुडबुडा आहे कुठे?"

"नाही," तरुणाला कबूल करावं लागलं. "इतकं चोख माप मलाही जमत नाही."

"मग हिच्या मापात कसा आला?"

"त्या बोलत होत्या. जबडा हलला की कानाची नळी हलते आणि हवा शिरते. तीनदा सांगितलं गप्प बसा म्हणून."

"एवढं काय बोलत होती?"

तरुणाने कात्री पुसून ठेवली. "तुमच्याचबद्दल, काका. म्हणत होत्या, घरी एक जण आहेत, त्यांचं आयुष्य लोकांच्या तोंडात गेलं, पण घरात स्वतःचं तोंड उघडत नाहीत."

कवळीकरांना यावर काही बोलता आलं नाही, म्हणजे बायकोचं म्हणणं तिथल्या तिथे सिद्धच झालं. त्यांनी माप खिशात घातलं, टोपी काखेत मारली आणि दार उघडलं. समोर बाकावर बायको बसली होती, केस कानांमागे घेऊन.

"तुम्ही? इथे?"

तरुणाने तोंड उघडलं आणि करार आठवून मिटलं. आता कवळीकरांना उघडणं भाग होतं. "माप द्यायला आलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, रविवारी तुझ्याबरोबर यावं. तू नेम कसा धरतेस ते मी कधी बघितलंच नाही."

हे वाक्य त्यांनी अब्रू वाचवायला उच्चारलं होतं, पण अर्ध्यावर आल्यावर त्यांना ते खरंच वाटायला लागलं. बायको उठून जवळ आली. मग तिने विचारलं की कान असा टोमॅटोसारखा लाल का झालाय, माझा तर नव्हता झाला. काकांचं वळण अवघड आहे, असं तरुणाने सांभाळून घेतलं, आणि बायको माप द्यायला आत गेली. या खेपेला ती खुर्चीत गप्प बसली होती. डावं माप एका फटक्यात चोख आलं.

प्लग तयार होऊन आले त्या रविवारी दोघं मैदानावर गेले. बायकोचे प्लग तिच्या कानांत असे बसले होते की आत काही आहे हे शोधावं लागे. चष्म्याची काडी मोकळी, गाल दस्त्यावर निवांत, डोक्यावर कसला ताण नाही. कवळीकरांचा उजवा कान अजून हुळहुळा होता, त्यात प्लग घालायची सोय नव्हती, तेव्हा त्यांना इयरमफच घ्यावे लागणार होते. मैदानावरच्या बऱ्याच लोकांना प्लग हवे होते म्हणून कानसेनही आला होता, बरोबर त्याची ती ठरलेली मुलगी, आणि एका पिशवीत तऱ्हेतऱ्हेचे मफ. त्याने कवळीकरांना एकेक लावून दाखवला. पहिला शिकंज्यासारखा आवळत होता. दुसरा जड होता, त्याने मान पुढे झुकायला लागली. तिसऱ्याच्या गादीत बघता बघता घामाचं तळं झालं. चौथ्याच्या गाद्या मऊ जेलच्या होत्या, चष्म्याच्या काडीभोवती सुद्धा नीट मिटणाऱ्या, आणि वाट्या आतून इतक्या रुंद की दुखरा कान कुठे टेकतच नव्हता. तो लावून कवळीकर मागच्या बाकावर बसले. हा कानसेन आपल्या कामात हुशार आहे, हे त्यांना नाइलाजाने मान्य करावं लागलं.

मग त्यांनी बायकोला बघितलं. ती पालथी पडली, श्वास सोडला, आणि तिचं सगळं अंग दगडासारखं स्थिर झालं. गोळी सुटली तेव्हा मफमध्ये नुसती टिचकी वाजल्यासारखं झालं. कागदावर मधोमध भोक. असं एकामागून एक. पलीकडे दुसरी एक बाई तोंड आवळून मफ सारखा करत होती आणि हिचं लक्षही नव्हतं. कवळीकरांची छाती भरून आली. हे सांगायला हवं, त्यांनी ठरवलं, ही आली की आज नक्की सांगायचं.

फेरी संपली. बायको प्लग काढून, रायफल जागेवर ठेवून त्यांच्या शेजारी येऊन बसली. कवळीकरांनी सांगायला सुरुवात करायच्या आत ती समोर बघत होती. समोर कानसेन त्या मुलीशी बोलता बोलता हसला होता.

"बघा हो," बायको म्हणाली, "त्याचा तो बाजूचा एक दात जरासा वळलेला आहे ना, त्यानेच ते हसू इतकं खरं वाटतं. देवाची कारागिरी ती. नाहीतर तुम्ही लोक. सगळे दात कवायतीला उभे केल्यासारखे एका रांगेत. असा दात तुम्हाला नाही जमायचा."

मफ जाड होते खरे, पण त्यातूनही कवळीकरांना एकूण एक शब्द ऐकू आला. लग्नापासून त्यांच्या हातच्या कामाचं असं तोंड भरून कौतुक तिने केलं नव्हतं, आणि ते सगळं जसंच्या तसं देवाच्या नावावर जमा झालं होतं. इतके दिवस कानसेनाचा हेवा वाटत होता, आता देवाचा वाटायला लागला. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. समोरून कानसेनाने ते बघितलं, आणि त्याचे ओठ चटकन मिटले. शेजारी ती मुलगी त्याच्याकडे बघत होती. कवळीकरांनी तोंड मिटलं.

"नाही जमायचा," ते स्वतःशीच पुटपुटले.

मग त्यांनी डाव्या कानावरची वाटी हळूच उचलली आणि बायकोकडे झुकले.

"काय म्हणालीस? या मफमधून काही ऐकूच येत नाही बघ."

बायकोने पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्याने. दात वळलेला आहे. हसू खरं वाटतं. कारागिरी.

"कारागिरीच्या आधी काय म्हणालीस?"

तिने तेही सांगितलं. कवळीकरांनी समाधानाने मान हलवली, वाटी कानावर सोडली, आणि पुढची फेरी सुरू व्हायला अजून वेळ आहे असं बघून परत उचलली.